कोहिमाच्या त्या शिळेसाठी अर्धा तास पुरत नाही

प्रति,
ईशान्य भारताच्या सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांचे चालक आणि त्यांचे टूर लीडर यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी सरली की तुमची हिवाळी सहलींची पत्रकं घरोघरी येऊ लागतात. काझीरंगाचा गेंडा, किसामाचा हॉर्नबिल महोत्सव, खोनोमाचं हिरवं गाव, आणि या सगळ्याच्या मधे एका ओळीत ‘कोहिमा वॉर सिमेट्री (फोटो स्टॉप)’. त्या कंसातल्या दोन शब्दांसाठी हे पत्र लिहितो आहे.

फोटो स्टॉपला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बस उभी राहते, माणसं उतरतात, फाटकाजवळच्या उंच उभ्या शिळेपाशी लीडर सगळ्यांना गोळा करतो. शिळेवरच्या प्रसिद्ध ओळी मोठ्यानं वाचतो. हे आपल्या भारतीय जवानांचं स्मारक, जपान्यांशी लढताना ते इथे शहीद झाले, असं सांगतो. मग जयघोष, ग्रुप फोटो, आणि ‘चला, चला, मार्केट बंद व्हायच्या आत पोचायचंय’. मी ज्या सहलीत होतो तिच्यात तरी असंच झालं. लीडर गुणी मुलगा होता, ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या वेळासुद्धा त्याच्या लक्षात असायच्या. त्याला ऑफिसातून जो कागद मिळाला तो त्यानं वाचला. म्हणून हे पत्र त्याला एकट्याला न लिहिता कागद तयार करणाऱ्यांनाही लिहितो आहे.

पहिली गोष्ट. ती शिळा ब्रिटिश सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनची, म्हणजे अनेक पलटणींच्या मोठ्या फौजेची, आहे. भारतीय सैन्याची नाही. रॉयल नॉरफोक, डॉरसेट, कॅमेरॉन हायलँडर्स, रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स, डरहॅम लाइट इन्फन्ट्री, अशा गोऱ्या पलटणींची ही डिव्हिजन. दोन तिरक्या किल्ल्या एकमेकींवर ठेवलेलं तिचं चिन्ह. १९४० मध्ये ती फ्रान्समध्ये लढून डंकर्कहून मागे आली होती. १९४२ मध्ये तिला हिंदुस्थानात आणलं गेलं, आणि इथे मी जरा थांबणार, कारण मी नगरचा आहे. कोहिमाला जाण्याआधी ही डिव्हिजन आमच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, तळ देऊन सराव करत होती. सराव मुख्यतः समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याच्या मोहिमांचा. नगरला समुद्र नाही हे तुम्हाला सांगायला नको. किनाऱ्यावर जाऊन येऊन तो चालायचा. पुढे नशिबात आला तो नागा टेकड्यांचा चढ, जिथे लाटांऐवजी चिखल होता. मराठी प्रवाशांना घेऊन तुम्ही त्या शिळेपाशी उभे राहता आणि हे सांगत नाही, याचं मला नवल वाटतं. बसमध्ये पुणे-नगरकडचे निम्मे लोक असतात. ‘ज्यांचं हे स्मारक आहे ती माणसं तुमच्या गावाहून इथे आली’ एवढं एक वाक्य बोललात तर मागच्या सीटवरचे पेंगणारे काकासुद्धा डोळे उघडतील.

आता लढाईचं. तुमच्या कागदात ‘दुसऱ्या महायुद्धातील घनघोर युद्ध’ असे चार शब्द आहेत. त्यांच्या जागी थोडी हकीकत घाला.

मार्च १९४४ मध्ये जपानच्या पंधराव्या आर्मीचे सेनापती रेन्या मुतागुची यांनी ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून इंफाळवर चाल केली. त्यातली ३१ वी डिव्हिजन, कोतोकू सातो यांच्या हाताखाली, उत्तरेकडून कोहिमावर निघाली. कोहिमा इंफाळ-दिमापूर रस्त्यावर. दिमापूरला रेल्वे आणि अवाढव्य रसदसाठा. कोहिमा पडलं असतं तर इंफाळची वाट तुटलीच होती, पुढे दिमापूरही उघडं पडलं असतं. जपानी बारा ते पंधरा हजार. कोहिमात कर्नल ह्यू रिचर्ड्स यांच्याकडे सुमारे अडीच हजार माणसं, आणि त्यांतही कारकून, स्वयंपाकी, दुखणाईत असे न लढणारे पुष्कळ. आसाम रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीनं जेसामी आणि खारासोमला जपान्यांना अडवून काही दिवस मिळवून दिले, मग तिची उरलेली माणसं थकूनभागून कोहिमात आली आणि तिथे पुन्हा खंदकात उतरली. ऐन वेळी रॉयल वेस्ट केंट्सची चौथी पलटण आत घुसली. ४ एप्रिलपासून वेढा पडला.

वेढ्यात पाण्याचे हाल झाले, कारण पाण्याच्या जागा जपान्यांच्या हाती गेल्या होत्या. विमानातून टाकलेल्या रसदीतली काही पॅराशूट पलीकडे शत्रूच्या हद्दीत पडायची. जखमी उघड्या चरांमध्ये झोपवलेले, तिथेच त्यांना पुन्हा गोळे लागायचे. शेवटी सगळी शिबंदी गॅरिसन हिल या एका टेकडीवर आकसली. आज जी पायऱ्यापायऱ्यांची सिमेट्री आपण पाहतो, ती त्याच टेकडीवर आहे. म्हणजे स्मारकासाठी चांगली जागा पाहून ते बांधलं असा प्रकार नाही. माणसं जिथे पडली तिथेच ती आहेत.

१८ एप्रिलला १/१ पंजाब, म्हणजे पहिल्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण, आत पोचली. २० तारखेला दुसऱ्या डिव्हिजनच्या रॉयल बर्कशायर पलटणीनं वेढ्यातल्या माणसांची जागा घेतली. बहुतेकांना वाटतं, इथे गोष्ट संपली. खरं तर शिळेची गोष्ट इथे सुरू होते. वेढा उठला तरी जपानी कड्यावरच बसून होते, जमिनीत खोल बंकर खोदून. त्यांना एकेका टेकाडावरून उठवायला मे महिना सरत आला, आणि त्यातला मोठा भार या डिव्हिजननं उचलला. चौथ्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर गोशेन तिथेच मारले गेले. ६ मे रोजी नॉरफोकचे कॅप्टन जॉन रँडल यांनी जखमी असताना एकट्यानं बंकरवर धाव घेतली, आत हातबॉम्ब टाकला आणि स्वतःचं अंग त्या फटीवर टाकून ती बुजवली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. कोहिमाचा दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस वेढ्याच्या दिवसांतला, वेस्ट केंट्सच्या लान्स कॉर्पोरल जॉन हारमन यांचा. या लान्स कॉर्पोरलच्या वडिलांच्या मालकीचं इंग्लंडजवळ एक अख्खं बेट होतं. दोघंही याच टेकडीवर पुरलेले आहेत. फोटो स्टॉपवाल्यांना त्यांच्या कबरी दिसत नाहीत, कारण त्यासाठी शिळेच्या पुढे जावं लागतं.

टेनिस कोर्ट तर मुळीच चुकवू नका. डेप्युटी कमिशनर चार्ल्स पॉसी यांचा बंगला इथे होता आणि बंगल्याच्या आवारात हे कोर्ट. एका बाजूला ब्रिटिश-भारतीय सैनिक, दुसऱ्या बाजूला जपानी, मधे कोर्टाची रुंदी. एवढ्या अंतरावरून दिवसरात्र एकमेकांवर हातबॉम्ब फेकले गेले. बंगला तर उरलाच नाही. दुसऱ्या डिव्हिजनच्या डॉरसेट पलटणीनं आठवडेच्या आठवडे इथे डोकं आपटलं, आणि शेवटी १३ मे रोजी एक ली-ग्रँट रणगाडा कसाबसा चढावरून कोर्टावर उतरवून वीस-तीस यार्डांवरून बंकरांत तोफ डागली, तेव्हा ही जागा हाती आली. कोर्टाच्या रेषा आज पांढऱ्या काँक्रीटमध्ये कायमच्या आखून ठेवल्या आहेत. एखाद्या शाळकरी पोराला त्या रेषांच्या एका टोकाला उभं करा आणि त्याच्या बापाला दुसऱ्या टोकाला. मग तुम्ही काही बोललात नाहीत तरी चालेल.

शिळा अशी उभी, आडदांड का आहे, हाही प्रश्न प्रवासी विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं स्मारकं अशीच असतात. ब्रिटिशांची स्मारकं अशी नसतात. अंगामी आणि चाखेसांग नागांमध्ये मोठा धोंडा लाकडी घसरगाडीवर घालून वेलींच्या दोरांनी गावकीनं ओढत आणायचा आणि उभा करायचा, ही जुनी रीत आहे. गावजेवण घातलेल्या माणसाचा मान म्हणून असे धोंडे उभे राहत. दुसऱ्या डिव्हिजनची शिळाही नागांनीच ओढत टेकडीवर आणली. मजकूर इंग्रजी, दगड आणि दगडाचा घाट नागा. ज्या लढाईत कोहिमाचं नागा गाव बेचिराख झालं, ज्यांच्या माणसांनी ओझी वाहिली, जखमींना डोलीतून खाली उतरवलं, शत्रूच्या बातम्या आणल्या, त्यांचं नाव तुमच्या कागदात एकदाही येत नाही. ‘नागा डान्स, नागा शाल, नागा मिरची’ मात्र येते. जमलं तर सिमेट्री दाखवण्यासाठी एखादा स्थानिक जाणकार बरोबर घ्या. त्याचे पैसे तिकिटात धरा, आम्ही कुरकुर करणार नाही. (थोडी करू, पण देऊ.)

त्या दोन ओळींबद्दल. ‘घरी जाल तेव्हा त्यांना आमच्याविषयी सांगा, म्हणावं, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला.’ या कुणा सैनिकानं मरताना लिहून ठेवल्या, असं प्रवाशांना सर्रास वाटतं आणि लीडर ते वाटू देतात. त्या जॉन मॅक्सवेल एडमंड्स या इंग्रज ग्रीक-पंडिताच्या नावावर आहेत आणि मुळात पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लिहिलेल्या. प्राचीन ग्रीसमध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या स्पार्टन वीरांचा सिमोनिडीसच्या नावे चालत आलेला मृत्युलेख त्यांच्या मुळाशी आहे, असं मानतात. दुसऱ्या डिव्हिजनच्या एका अधिकाऱ्यानं त्या सुचवल्या आणि दगडावर कोरल्या गेल्या. एवढं सांगितल्यानं ओळींचं तेज कमी होत नाही. आमच्या बसमध्ये दोन निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना तर हेच ऐकायला आवडलं असतं.

आता वर चला. हे पत्र मुख्यतः या चढासाठीच आहे.

सिमेट्रीत १,४२० दफनं आहेत. ब्रिटिश आणि अविभाजित हिंदुस्थानातले सैनिक, प्रत्येकाच्या डोक्याशी लहानशी धातूची पाटी. आणि टेकडीच्या सगळ्यांत उंच जागी आणखी एक स्मारक आहे. त्यावर ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं आहेत. त्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं, म्हणून त्यांना कबर नाही, पाटी नाही. आहे ती या भिंतीवरची एकेक ओळ. खाली ज्या जवानांचं नाव घेऊन तुम्ही जयघोष करता, ते वर आहेत! आणि आपण खाली ब्रिटिश डिव्हिजनच्या शिळेला ‘आपल्या जवानांचं स्मारक’ म्हणून नमस्कार करून मार्केटला निघून जातो. गोऱ्या डिव्हिजनला नमस्कार करायला माझी हरकत नाही, ती पोरंही कुणाचीतरी होती. पण खऱ्या नावांपर्यंत आपली माणसं पोचतच नाहीत, हे खटकतं.

कोहिमाच्या लढाईत १/१ पंजाब आणि ४/७ राजपूत होत्या, दुसऱ्या डिव्हिजनच्या मदतीला दिलेल्या ३३ व्या ब्रिगेडमध्ये ४/१५ पंजाब आणि ४/१ गोरखा होत्या. जेल हिलसारखी टेकाडं मेच्या मध्याला याच ब्रिगेडनं घेतली. शिवाय आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स. कोहिमा एकट्या दुसऱ्या डिव्हिजननं जिंकलं, असं त्या डिव्हिजनचे लोकही म्हणणार नाहीत.

इथे कुणीतरी हमखास विचारतं, आणि विचारायलाच हवं: ही माणसं इंग्रजांच्या बाजूनं लढली, मग आपण त्यांना का हात जोडायचे? नेताजींची आझाद हिंद सेना तर पलीकडच्या बाजूला होती. आमच्या बसमध्ये हा प्रश्न आला तेव्हा लीडरनं विषय बदलला. बदलू नका. सरळ सांगा की होय, आझाद हिंद सेनेच्या पलटणी जपान्यांबरोबर इंफाळच्या आघाडीवर होत्या, मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी तिरंगा फडकला तेव्हा कोहिमाला वेढा चालू होता. त्याच एप्रिलमध्ये नेहरू, पटेल, मौलाना आझाद आमच्या नगरच्या किल्ल्यात इंग्रजांचे कैदी होते. म्हणजे एकाच गावानं एका हातानं डिव्हिजन पोसली आणि दुसऱ्या हातानं तुरुंग सांभाळला. यात गोंधळ आहे, आणि तो आपल्या इतिहासातच आहे. तुमच्या बोलण्यानं तो निर्माण होणार नाही. पंजाबातला किंवा गढवालातला जो पोरगा पगारासाठी, घराण्याच्या रिवाजानं किंवा गावात दुष्काळ होता म्हणून भरती झाला, त्याला साम्राज्याच्या हिशेबात किती धरायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं विचाराल तर मी दोन्ही बाजूंच्या पोरांना हात जोडतो. तुमच्या प्रवाशांपैकी एखाद्यानं जोडले नाहीत तर त्यालाही ओढून आणू नका. फक्त त्याला वरपर्यंत न्या.

जपान्यांबद्दलही दोन वाक्यं असू द्यात. सातोंच्या डिव्हिजनला वरून रसद जवळजवळ आलीच नाही. माणसं उपाशी, दारूगोळा संपलेला, पाऊस सुरू झालेला; मेच्या अखेरीस सातोंनी वरिष्ठांचा हुकूम मोडून स्वतःच माघार घेतली आणि त्यांना पदावरून काढलं गेलं. २२ जूनला कोहिमाकडून दुसरी डिव्हिजन आणि इंफाळकडून पाचवी भारतीय डिव्हिजन मैलाचा दगड १०९ पाशी एकमेकींना भेटल्या आणि इंफाळचा रस्ता मोकळा झाला. तेवढ्या काळात एकट्या कोहिमाभोवती ब्रिटिश-भारतीय बाजूची चार हजारांवर आणि जपान्यांची त्याहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली.

मराठी मंडळी असल्यानं ‘आपले मराठे कुठे होते?’ हाही प्रश्न येणार. उत्तर कोहिमाच्या दक्षिणेला, मणिपुरातल्या सांगशाक गावात आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडमध्ये, एक भारतीय आणि एक गुरखा अशा दोन पॅराशूट पलटणींच्या जोडीला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे उघड्या टेकडीवर पाण्यावाचून लढली. २६ मार्चच्या रात्री ब्रिगेडला निघून जाण्याचा हुकूम आला. माणसं अंधारात जंगलातून इंफाळकडे गेली, बरीचशी मागेच राहिली. पण कोहिमाकडे निघालेल्या सातोंच्या फौजेचा एक भाग तेवढे दिवस तिथे अडकून पडला. कोहिमाच्या शिबंदीला जे दिवस मिळाले त्यांतले काही मराठ्यांच्या आणि गुरख्यांच्या जिवावर मिळाले. सांगशाकला तुमची बस नेता येणार नाही, विशेषतः मणिपुरातली सध्याची स्थिती पाहता. पण कोहिमाच्या माथ्यावरून दक्षिणेकडे बोट दाखवून हे सांगता येईल. मात्र उत्साहाच्या भरात भिंतीवरच्या नावांत ‘आपले मराठे’ दाखवू नका. ज्यांच्या घरातलं कुणी त्या युद्धात गेलं त्यांना सांगा की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण टाकून कुणालाही फुकट शोधता येतं, आणि नोंदीत कित्येकदा बापाचं आणि गावाचं नावही असतं. ज्यांना कबरही नाही आणि दहनाची नोंदही नाही, अशांची सुमारे सत्तावीस हजार नावं म्यानमारमध्ये यांगूनजवळच्या रंगून मेमोरियलवर आहेत. तिथलं एखादं नाव सातारा-कोल्हापूरच्या घरात अजून देव्हाऱ्याशेजारच्या फोटोखाली लिहिलेलं असू शकतं.

थोडं व्यवहाराचं. चढ आहे, पायऱ्या आहेत, आणि तुमच्या बसमध्ये गुडघेदुखीवाले असतात, मीही त्यातलाच. ज्यांना वर जमणार नाही त्यांना खालच्या टप्प्यावर बसू द्या, पण ज्यांना जमतं त्यांना ‘वर काही नाही’ असं सांगू नका. मी हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. सकाळी लवकर न्या, दुपारपर्यंत खालच्या चौकातल्या हॉर्नांनी बोलणं ऐकू येत नाही. ब्लूटूथ स्पीकर बसमध्ये ठेवा. कबरींच्या पाट्यांवर पर्स, पाण्याच्या बाटल्या ठेवून सेल्फी काढणाऱ्यांना हटकायचं काम तुमचंच आहे, माळ्यांचं नाही. फुलं वाहायची असतील तर वर घेऊन जा. खाली शिळेपाशी सगळेच वाहतात.

वेळ कुठून काढायचा हा तुमचा खरा प्रश्न, याची मला कल्पना आहे. दिमापूरचा रस्ता, घाट, हॉर्नबिलच्या दिवसांतली गर्दी. तरी सांगतो: त्या दिवशी शाल आणि मिरचीच्या दुकानांत दोन तास गेले होते. त्यातला एक तास इकडे द्या. पुढच्या पत्रकात कंसातले ते दोन शब्द काढून ही ओळ घाला: ‘कोहिमा वॉर सिमेट्री: ब्रिटिश दुसऱ्या डिव्हिजनची स्मारकशिला, टेनिस कोर्ट आणि माथ्यावरचं ९१७ हिंदू-शीख सैनिकांचं स्मारक. दीड तास. चढ आहे, बूट घालावेत.’ खरेदीचा तास कमी झाला म्हणून कुणी रागावलं, तर त्यांना हे पत्र वाचायला द्या आणि शिव्या माझ्या नावावर घाला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रवासी
अहिल्यानगर